काटेपूर्णेच्या काठी चाकांवरचे घर

प्रवासाला निघताना बिऱ्हाड सोबत नेणे वऱ्हाडाला नवीन नाही. मोटारी येण्यापूर्वी मुक्तागिरी किंवा कारंजा येथे यात्रेला निघालेले कुटुंब दमणीत शिधा, भांडी, पाणी गाळण्याचे फडके आणि बैलांसाठी कडबा भरून घेत असे. विहिरीजवळ, झाडाच्या सावलीत बैल सुटले की तिथेच तीन दगडांची चूल मांडली जाई. आज ज्या वाहनाला कॅराव्हॅन म्हणतात, ते या दमणीचेच यंत्रयुगातील रूप आहे. त्यात निजण्याची सोय, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी आणि शौचालय असते. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण जाहीर केल्यामुळे या प्रकाराला राजमान्यताही मिळाली आहे.

खाण्यापिण्याचे नियम पाळणाऱ्या घरांना या वाहनाचे आकर्षण अधिक वाटावे, हे स्वाभाविक आहे. हॉटेलचे अन्न चालत नाही म्हणून वर्षानुवर्षे उंबरठ्याआत राहिलेली आजी, ओटा सोबत असेल तर नातवंडांबरोबर निघू शकते. मग डिसेंबरातील दोन-तीन दिवस एखाद्या विस्तीर्ण जलाशयाकाठी काढावेत, असा बेत ठरतो. प्रश्न उरतो तो जागेचा.

अमरावती आणि अकोला या दोन्ही शहरांना असे जलाशय जवळ आहेत. अमरावतीकरांसाठी मोर्शीजवळ सिंभोरा येथे ऊर्ध्व वर्धा धरणाचा नल-दमयंती सागर आहे, तर अकोलेकरांसाठी बार्शीटाकळी तालुक्यात महान येथे काटेपूर्णेचे धरण. दोन्ही जिल्ह्यांना जोडणारा प्रवास करायचा असेल, तर अमरावतीहून कारंजा, तेथून शेलूबाजारमार्गे महान आणि पुढे बार्शीटाकळीवरून अकोला, असा मार्ग सोयीचा पडतो. कारंज्याला सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तीन परंपरांची जुनी मंदिरे आहेत, बार्शीटाकळीला हेमाडपंती शिल्पाचे देऊळ आहे. आणि या दोहोंच्या मध्ये टेकड्यांनी वेढलेले काटेपूर्णेचे पाणी.

या पाण्याच्या भोवती सुमारे ७४ चौरस किलोमीटरचे काटेपूर्णा अभयारण्य पसरले आहे. १९८८ साली घोषित झालेल्या या सागवानी, पानगळीच्या जंगलात चौसिंगा आढळतो. नर चौसिंग्याच्या डोक्यावर चार शिंगे असतात. हरिणांच्या आणि कुरंगांच्या कुळात असे लक्षण दुर्मीळ. हिवाळ्यात वऱ्हाडातील जलाशयांवर चक्रवाक, थापट्या यांसारखी बदके उत्तरेकडून उतरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत जातात.

परंतु काटेपूर्णेची खरी ओळख वेगळी आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा जातो. तेथे जमिनीखाली पाणी आहे, पण ते खारट आहे; विहीर खोदली तरी तहान भागत नाही. म्हणून अकोला शहर, मूर्तिजापूर आणि खांबोरा योजनेतील ६४ खेडी महानच्या धरणाकडे डोळे लावून असतात. पाऊस कमी झाला की धरणात किती टक्के साठा उरला, हा वर्तमानपत्रातला आकडा घरोघर वाचला जातो. सहलीला निघालेले कुटुंब ज्या काठावर उभे राहणार, ते त्याच्याच स्वयंपाकघराचे पाणवठे आहे.

हे ध्यानात आले की बेताचा क्रम बदलतो. एरवी प्रथम विचार होतो तो गाडी कोठून छान दृश्य दिसेल याचा. येथे प्रथम विचार व्हावा तो गाडीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा. माणशी दिवसाला १५ लिटर इतके काटकसरीचे प्रमाण धरले, तरी चार माणसांचे दोन दिवसांत १२० लिटर पाणी वापरून होते. जेवढे वापरले, त्यातले बहुतेक सांडपाणी होऊन टाकीत साठते. शौचालयाची टाकी निराळी. ज्या ठिकाणी या टाक्या रिकाम्या करण्याची अधिकृत सोय नसेल, तेथे त्या झाकण लावून शहरात परत आणणे हाच एक मार्ग. गाडी भाड्याने घेताना पलंग किती, हे सगळेच विचारतात. सांडपाण्याची टाकी किती लिटरची आणि ती कोठे रिकामी करायची, हेही तितक्याच आग्रहाने विचारावे. काठावर साबणाने भांडी घासणे किंवा धरणात गाडी धुणे हा तर विचारही नको. साबणातील द्रव्यांनी शेवाळ माजते आणि उन्हाळ्यात पाणी आटू लागले की तो दोष अधिक दाट होतो.

दुसरा विचार परवानगीचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात प्रवेशाला आणि मुक्कामाला परवाना लागतो. अभयारण्यास धोका होईल अशी शेकोटी पेटवण्यास मनाई आहे. म्हणून वनविभागाकडे आधी चौकशी करावी. रात्री थांबण्यास अनुमती नसेल, तर ओळखीच्या शेतकऱ्याच्या खळ्यात किंवा कारंज्याच्या धर्मशाळेच्या आवारात, तेथील लोकांना विचारून, रात्र काढावी आणि पहाटे काठावर यावे. पक्षी पाहण्याची वेळही तीच असते. त्यामुळे गमावण्यासारखे फारसे काही नाही.

तिसरा विचार ऋतूचा आणि जमिनीचा. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा पत्र्याची गाडी भट्टीच होते. पावसाळ्यात आजूबाजूची काळी माती चाकांना असे धरते की ट्रॅक्टर बोलवावा लागतो. दिवाळीनंतर माघापर्यंतचा काळ उत्तम. तेव्हाही गाडी डांबरी किंवा मुरमाच्या जागेवरच उभी करावी. रात्री थंडी चांगलीच पडते, म्हणून वृद्धांसाठी रजया आणि त्यांची औषधे हाताशी असावीत.

यानंतर शिध्याकडे वळावे. दशम्या, मेथीचे पराठे, भाजणी, लाडू, कोरड्या चटण्या घरूनच नेल्या, तर तेथे खिचडी आणि कढीपुरताच गॅस पेटतो. पिण्याचे पाणी गाळून, उकळून सोबत घ्यावे. डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. पाचच्या ठोक्याला पाने मांडली, तर सूर्यास्ताआधी ओटा आवरून होतो आणि पुढची सगळी संध्याकाळ मोकळी मिळते. दिवसाउजेडी जेवण्याच्या घरातील जुन्या नियमाचा येथे आणखी एक उपयोग दिसतो. काठावर प्रखर दिवा लागत नाही, त्याच्याकडे किडे झेपावत नाहीत आणि पाण्यावर विसावलेल्या पक्ष्यांची झोप मोडत नाही. ध्वनिक्षेपक घरीच ठेवला, तर टिटवीची हाकही नीट ऐकू येते.

गाळणीत अडकलेले सूक्ष्म जीव ज्या पाण्यातून आले, त्याच पाण्यात जपून परत सोडण्याची रीत जुन्या पिढीच्या हातवळणी आहे. ती रीत नातवंडांना शिकवायला दिवाणखान्यापेक्षा पाणवठा बरा. पाण्यातून काय घ्यायचे, त्यात काय परत जाऊ द्यायचे आणि काय मुळीच जाऊ द्यायचे नाही, हे तेथे डोळ्यांना दिसते.

निघताना गाडीभोवती एक फेरी मारावी. कागद, साली, पिशव्या असे काही राहिले नाही ना, हे मुलांनाच पाहू द्यावे. बार्शीटाकळीचे देऊळ पाहून तिसऱ्या दिवशी दुपारी अकोल्यात पोचले, की टाक्या सांडपाण्याच्या योग्य जागी रिकाम्या कराव्यात. पुढे ज्या दिवशी नळ येईल, त्या दिवशी त्याच महानचे पाणी पुन्हा माठात भरले जाईल. या खेपेला मुलांना ते कोठून आले, हे सांगावे लागणार नाही.