निळा खटका

उंचीला इंच-दीड इंच, अंगाने निळा, डोक्यावर धातूची गोल टोपी आणि पोटाखाली तीन-तीनच्या तीन रांगांत नऊ पाय. घरी गिटारचं पेडल बनवणाऱ्या बहुतेकांच्या टेबलावर हा भेटतो. दुकानात तो ‘थ्रीपीडीटी’ म्हणून मागायचा. एकाच टोपीखाली तीन खटके बांधलेले असतात आणि पायाने दाबलं की तिन्ही एकदम बाजू बदलतात. एक गिटारचा सिग्नल सर्किटात सोडतो किंवा बाहेरूनच वळवतो, दुसरा अ‍ॅम्पकडे जाणारी वाट बदलतो आणि तिसरा दिवा लावतो.

स्वभाव अगदी सरळ. इकडे नाहीतर तिकडे, मधलं त्याला ठाऊक नाही. वाजवणारा ऐन सोलोच्या तोंडावर बुटासकट त्याच्यावर पाय देतो आणि तो तेवढाच ठाम खटकन बसतो. त्याचा हा स्वतःचा आवाज मला आवडतो. पायालाही कळतं की काम झालं.

पण बनवलेलं पेडल पहिल्यांदा जोडलं की त्याच क्षणी स्पीकरमधूनही एक आवाज येतो. ठॉक! अ‍ॅम्प चढवलेला असेल तर छातीत धडकणारा. मग सगळा संशय या निळ्यावर जातो. माल हलका असणार, म्हणून तो उपटून दुसरा लावला जातो. दुसराही तेच बोलतो. पाटाचं दार उघडलं म्हणून पाटकऱ्याला पुराचा जाब विचारावा, असा हा प्रकार आहे.

पाणी साठलेलं असतं कपॅसिटरमध्ये. फझ फेस घ्या. इंग्लंडमध्ये आर्बिटरने 1966 साली काढलेलं हे पेडल दोन ट्रान्झिस्टर आणि मूठभर सुट्या भागांवर चालतं, म्हणून कितीतरी जण सुरुवात त्याच्यापासूनच करतात. त्याच्या सिलिकॉनच्या आवृत्तीत पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसवर साधारण 0.6 व्होल्ट असतात. बेस आणि गिटार यांच्यामध्ये 2.2 मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक. गिटार जोडलेली असते तोवर कपॅसिटरचं बाहेरचं टोक शून्यावर राहतं, कारण गिटारमधूनच त्याला ग्राउंडची वाट मिळते. खटक्याने गिटार बाजूला वळवली की ते टोक अधांतरी राहतं. आतला दाब कपॅसिटरमधून थोडा थोडा झिरपतो आणि ते टोकही हळूहळू 0.6 व्होल्टकडे चढू लागतं. नंतर केव्हातरी पाय पडतो, गिटार पुन्हा जोडली जाते आणि साठलेलं सगळं एका झटक्यात खाली येतं. हळुवार छेडलेल्या तारेचा सिग्नल या उडीपुढे फारच लहान असतो. शिवाय फझचं कामच लहानाचं मोठं करण्याचं, तेव्हा तो ही उडीही मोठी करूनच पुढे पाठवतो.

खटका फक्त तो क्षण दाखवतो. आणि कारण कुठे आहे याची खूणही तोच देतो, लक्ष असेल तर. पेडल थोडा वेळ बंद ठेवून दाबा, मग लागोपाठ चार-पाचदा दाबा. पहिला ठॉक मोठा आणि पुढचे लहान होत गेले, तर साठा रिकामा होतोय, दोष झिरपणीचा. प्रत्येक वेळी सारखाच आला तर दुसरीकडे बघायला हवं.

इथे मल्टिमीटर मात्र फसवतो. ऑप-अ‍ॅम्पच्या सर्किटात आतला दाब बहुधा 9 व्होल्टच्या निम्मा, 4.5 असतो. अधांतरी टोकावर मीटर लावावा, तर 0.1 मायक्रोफॅरडच्या फिल्म कपॅसिटरवर काही दिसलंच तर तो आकडा बघता बघता उतरून शून्याजवळ जातो. बहुतेक डिजिटल मीटरांचा स्वतःचा रोध 10 मेगओम असतो आणि साठा त्यातूनच निथळतो. त्यानंतर खटका दाबला तर ठॉक येतच नाही. दोष आपोआप गेला असं समजून झाकण लावू नये.

मीटरने नकळत केलं तेच कायमचं करून ठेवणं हा उपाय. इनपुटपासून ग्राउंडपर्यंत 1 मेगओमचा एक रेझिस्टर. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत त्याची किंमत कुणी वेगळी धरतही नाही. 1 मेगओमहून फार कमी घेऊ नये. गिटारचा व्हॉल्यूमच 250 किंवा 500 किलोओमचा असतो. त्याच्या जोडीला लहान रोध बसला की वरच्या सुरांची धार जाते. आउटपुटच्या कपॅसिटरलाही अशीच वाट हवी. फझ फेसमध्ये तिथे व्हॉल्यूमचा पॉट आधीच ते काम करतो. नऊ पायांची जोडणी थोडी बदलून, बंद असताना सर्किटचं तोंड ग्राउंडला टेकवता येतं. मला हीच जोडणी पसंत आहे, कारण चढ्या फझची शीळ बंद पेडलमधून झिरपणंही तिने थांबतं.

कधी रेझिस्टर बसवूनही थोडा ठॉक उरतो. तेव्हा कपॅसिटर तपासावा. 0.1 मायक्रोअ‍ॅम्पियर झिरपला तरी 1 मेगओमवर 0.1 व्होल्ट उभा राहतो आणि फझला तेवढा पुरतो. जुना किंवा उलटा बसलेला इलेक्ट्रोलिटिक याहून जास्त झिरपतो. तो बदलावा, जमेल तिथे फिल्मचा घ्यावा.

ठॉक दर वेळी सारखाच येत असेल तर आधी दिव्याची एक तार सोडवून बघावी. 9 व्होल्टवर 1 किलोओममधून लाल दिवा लावला तर साधारण 7 मिलिअ‍ॅम्पियर एकदम ओढले जातात, आणि दिव्याची व सिग्नलची ग्राउंडची तार एकच असेल तर तो धक्का आवाजात उतरतो. तिथे 4.7 किलोओम घातला की प्रवाह दीड मिलिअ‍ॅम्पियरवर येतो. चांगला दिवा तेवढ्यावर स्वच्छ दिसतो. तारा वेगळ्या नेऊन एकाच ठिकाणी जोडल्या की बहुतेक वेळा काम होतं.

एवढ्यानेही न जाणारी एक बारीक टिक मात्र खरोखर या खटक्याची असते. एक वाट सोडून दुसरी धरेपर्यंतच्या क्षणात तो कुठेच नसतो, आणि धरल्यावरही आतली पाती काही मिलिसेकंद थरथरते. ती टिक मी त्याला माफ करतो. त्याची उष्णता मात्र सांभाळावी. आतलं प्लास्टिक मऊ आहे. सोल्डर करताना एकाच पायावर आयर्न टेकवून ठेवलं की संपर्क जागचा हलतो आणि मग खरखर सुरू होते. ती कुठल्याही रेझिस्टरने जात नाही. एक पाय झाला की पलीकडचा घ्यावा, पहिल्याला निवू द्यावं.

बॉसने 1977 साली छोटी पेडलं काढली तेव्हा असा खटका सिग्नलच्या वाटेतून हटवला. पायाखाली हलकं बटण ठेवलं आणि वाट बदलण्याचं काम ट्रान्झिस्टरांकडे दिलं. ती फार शांत चालतात आणि त्या कामाबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण त्यांची बॅटरी संपली की गिटारच थांबते. निळ्याच्या पेडलमध्ये बॅटरी संपली तर पुन्हा एकदा पाय द्यायचा. दिवा लागत नाही, फझ नाही, पण गिटार थेट अ‍ॅम्पला पोचते आणि गाणं पुढे चालू राहतं. म्हणून माझ्या प्रत्येक डबीत तोच असतो, सोबत 1 मेगओमचा रेझिस्टर.