रताळी काढण्याची वेळ

जमिनीखाली वाढणाऱ्या पिकाचा एक पेच असतो. टोमॅटो लाल होतो, वांगे चकाकते. रताळे मात्र मातीआडच राहते. पोटात काय चालले आहे हे बाहेरच्या खुणांवरून ताडण्याची सवय असलेल्या आम्हा डॉक्टरांना म्हणूनच हे पीक जवळचे वाटत असावे.

परसातल्या वाफ्यात मी कार्तिकी पौर्णिमेला रताळ्याच्या वेलाचे छाट लावले होते. महाशिवरात्रीला सुमारे १०० दिवस भरणार होते. आई ८० वर्षांची, मधुमेही; शिवरात्रीचा उपवास तिने कधी मोडलेला नाही. साबुदाण्याऐवजी घरचे उकडलेले रताळे तिने खावे, अशी माझी इच्छा होती. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. रताळ्यात १०० ग्रॅममागे सुमारे २० ग्रॅम कर्बोदके असली, तरी ३ ग्रॅम तंतूही असतात. शिवाय भाजलेल्यापेक्षा उकडलेल्या रताळ्याने रक्तातील साखर सावकाश वाढते.

परंतु पंचांग सणाची तिथी सांगते, कंदाची नव्हे. जात व हवामान यांनुसार रताळे साधारण साडेतीन ते पाच महिन्यांत तयार होते. थंडीत वाढ मंदावते. पाने पिवळी पडू लागली की वेलाच्या बुडाशी माती सारून एक कंद काढावा, आडवा कापावा व थोडा वेळ तसाच ठेवावा. कापावरचा चीक पांढराच राहून सुकला तर कंद पक्व. हिरवट-काळा पडला तर अपक्व. शिवरात्रीच्या ४ दिवस आधी मी कापलेला कंद काळवंडला.

तो आईला दाखवला. ती म्हणाली, “माती लोट परत. शिवरात्र काय, पुढच्या वर्षीही येईल.” तिच्या वयाकडे पाहता ते वाक्य माझ्या मनात बराच वेळ रेंगाळले. त्या शिवरात्रीला बाजारातली रताळी उकडली.

वाट पाहण्यालाही मर्यादा असते. पक्व कंद जमिनीत फार काळ राहिला, की मातीच्या भेगांतून सोंड्या भुंगा त्याच्यापर्यंत पोहोचतो आणि अळ्या तो पोखरतात. असे रताळे कडू होते. ते खाऊ नये. म्हणून मी भेगा बुजवीत राहिलो आणि १८ दिवसांनी दुसरा कंद कापला. या वेळी चीक पांढरा राहिला.

हलके पाणी देऊन, वाफसा आल्यावर कुदळ वेलाच्या बुडापासून दूर चालवावी. कोवळी साल चटकन सोलवटते. कंद न धुता सावलीत, उबदार व हवेशीर जागी ८-१० दिवस ठेवावेत. साल पक्की होते, जखमा भरतात आणि पिष्टातून साखर तयार होऊन गोडी वाढते. कच्चे रताळे फ्रिजमध्ये ठेवू नये. थंडीने त्याचा गाभा कडक होतो.

गोडी वाढते, म्हणूनच मधुमेहींनी एका मध्यम रताळ्यावर थांबावे. उपवासाच्या दिवशी गोळ्या वा इन्सुलिन किती घ्यायचे, हे आधीच आपल्या डॉक्टरांना विचारावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी त्यातील पोटॅशियममुळे रताळे खाण्यापूर्वी सल्ला घ्यावा.

फाल्गुन वद्य एकादशीला आईने घरचे रताळे खाल्ले आणि दुसरे मागितले. ते मी दिले नाही.