दोनशे वर्षांपलीकडचा नवरा

माझ्या नातीचं लग्न अजून ठरायचं आहे, पण नवरा मात्र ठरलेला आहे. मुलगा स्कॉटलंडचा. उंचापुरा, तांबड्या केसांचा, तलवारबहाद्दर. घराणं खानदानी, गावाकडे दगडी वाडा आणि जमीनजुमला. विजार न घालता चौकड्यांचं घोळदार वस्त्र कमरेला गुंडाळतो, पण तेवढं चालवून घेता येईल. अडचण एकच आहे. मुलाचा जन्म १७२१ चा!

"अगं, मग पत्रिका कशी जमायची?" मी विचारलं.

"पत्रिका राहू दे आजी, आधी काळ जमायला हवा," असं म्हणून तिनं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक माझ्या मांडीवर आणून टाकलं. म्हातारपणी वेळ भरपूर आणि झोप कमी, त्यामुळे ते मी वाचलं. एवढंच काय, त्याचे पुढचे दोन भागही मागून घेतले.

पुस्तकाचं नाव 'आउटलँडर'. डायना गॅबल्डन या अमेरिकन लेखिकेची ही कादंबरी १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि २०१४ पासून तिच्यावर मालिकाही निघाली. महायुद्धात नर्स म्हणून राबलेली क्लेअर नावाची एक विवाहित तरुणी नवऱ्याबरोबर स्कॉटलंडला येते. तिथे एका टेकडीवर उभ्या शिळांचं रिंगण असतं. त्यातल्या एका शिळेला हात लागायचा अवकाश, बाई दोनशे वर्षं मागे जाऊन पडते, थेट १७४३ सालात! इंग्रजी फौजेतला एक दुष्ट कप्तान तिच्या मागे लागतो, आणि त्याच्या तावडीतून सुटण्यासाठी तिला जेमी फ्रेझर नावाच्या तरुण जमीनदाराशी लग्न करावं लागतं. आधी नाइलाज, मग ओढ, आणि मग काय विचारता!

त्यातला एक प्रसंग मला फार आवडला. क्लेअर कुठून आली हे जेमीला कळतं, तेव्हा तो तिला पुन्हा त्या शिळांपाशी नेऊन सोडतो. तुझं घर पलीकडे आहे, जायचं तर जा, असं सांगून तो दूर जाऊन थांबतो. एकीकडे पहिला नवरा आणि गरम पाण्याचा नळ. दुसरीकडे जेमी आणि थंडीवारा, रोगराई, तलवारी. विचार करकरून ती शेवटी जेमीकडे परतते.

हे वाचून मी डोळे पुसत होते, तर नातीनं पकडलंच. "आजी, तुला असा कुणी भेटला असता, तर तू गेली असतीस मागे?"

तिला वाटलं, आजी लाजेल. पण मी म्हटलं, "जाणार होते की! बाटल्यासुद्धा मोजून ठेवल्या होत्या."

आता ही बाटल्यांची गोष्ट सांगायला हवी.

माझ्या वयाच्या बायकांना माझा नवरा कोण, हे सांगावं लागणार नाही. रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ साली आली. मी ती चौदाव्या वर्षी, १९६५ मध्ये वाचली. गणिताच्या वहीखाली लपवून. त्या वर्षी आमच्या वर्गातल्या निम्म्या मुली माधवराव पेशव्यांच्या प्रेमात होत्या, आणि उरलेल्या निम्म्या कबूल करत नव्हत्या. पानिपतानंतर सोळाव्या वर्षी ज्याच्या अंगावर पेशवाईची वस्त्रं आली, अठराव्या वर्षी ज्यानं राक्षसभुवनावर निजामाला नमवलं, आणि सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला गजाननाच्या पायाशी ज्यानं देह ठेवला, त्या माणसापुढे आमच्या गल्लीतली सायकलवरची मुलं कशी टिकणार?

रमाबाईंना मात्र मी स्वप्नातही दुखावलं नाही हो! मी आपली थेऊरच्या वाड्यात कुणा वैद्याची मुलगी म्हणून जात असे. माधवराव ग्लानीत पडलेले असायचे, वैद्य हात टेकायचे, आणि मी पदराआडून एक इवलीशी काचेची बाटली काढायची.

ती बाटलीही खरी होती. आम्ही पुण्यात ज्या वाड्यात राहत होतो, तिथे तळमजल्यावर एक कंपाउंडर राहायचे. रबरी बुचाच्या रिकाम्या बाटल्या ते आम्हां मुलींना भातुकलीसाठी देत. त्यांनीच सांगितलं होतं, की या बाटल्यांतल्या पांढऱ्या भुकटीचं नाव स्ट्रेप्टोमायसिन. ती पाण्यात कालवून टोचली की राजयक्ष्मासुद्धा हटतो. हे औषध अमेरिकेत १९४३ साली सापडलं. माधवराव गेले १७७२ च्या नोव्हेंबरात. मधे फक्त एकशे एकाहत्तर वर्षं! तेवढं अंतर मी गणिताच्या तासाला बसल्याबसल्या ओलांडत असे.

एकदा न राहवून मी कंपाउंडरकाकांना विचारलं, "काका, समजा माधवराव पेशव्यांना बरं करायचं असतं, तर किती बाटल्या लागल्या असत्या?"

ते हसले नाहीत. हातातला विडा खाली ठेवून त्यांनी हिशेब केला. "रोज एक म्हटली तरी दोन-तीन महिन्यांच्या साठ ते नव्वद. पण नुसत्या टोचण्यानं भागायचं नाही, पोरी. एकच औषध दिलं तर जंतू त्याला दाद देईनासे होतात. बरोबर गोळ्या हव्यात. आणि सगळं मिळून दीड वर्ष. राव असो की रंक, मधे सोडून चालायचं नाही."

दीड वर्ष! माझ्या स्वप्नात हे बसेना. पदराआडून एक बाटली निघते, नव्वद कशा निघणार? हळूहळू ते स्वप्न मागे पडलं. आकडा तेवढा डोक्यात राहिला.

पुढे १९७३ च्या दसऱ्याला माझा साखरपुडा झाला. मुलगा कचेरीत कारकून, अबोल, चष्म्याचा. माधवरावांशी साम्य म्हणाल तर वय तेवढं, सत्तावीस. मला नापसंत नव्हता, पण मी हरखूनही गेले नव्हते. मार्गशीर्षातला मुहूर्त धरला होता. दिवाळीनंतर त्याला संध्याकाळचा ताप येऊ लागला, खोकला हटेना, आणि छातीच्या फोटोत उजव्या बाजूला डाग दिसला.

आज हे नुसतं लिहायलाही सोपं वाटतं. त्या वेळी 'टीबी' हा शब्द घरात कुणी मोठ्यानं उच्चारत नसे. त्याचे वडील स्वतः येऊन सांगून गेले, "मुलगी तुमची, निर्णय तुमचा. आम्ही राग धरणार नाही." आमच्याकडे निर्णय जवळजवळ झालाच होता. आत्या म्हणाली, सुटलो म्हणा. आई काहीच बोलली नाही, पण रुखवताचं सामान तिनं माळ्यावर चढवलं.

चार दिवसांनी तो स्वतः आला. अंगणातल्या पारावर बसला. मला पुष्कळ लांब बसायला सांगितलं. तोंडावर रुमाल धरून म्हणाला, "तुम्ही मोकळ्या आहात, हे मी तोंडानं सांगायला हवं होतं, म्हणून आलो."

मी काही धीराची नव्हते. आदल्या तिन्ही रात्री मी घाबरून जागी होते, आणि माझ्या मनात 'नाही' हेच जास्त वेळा आलं होतं. पण तो उठून जायला निघाला, तेव्हा सदऱ्याखालच्या त्याच्या खांद्यांकडे माझं लक्ष गेलं. ते फार उतरले होते. मी विचारलं, "औषध किती दिवस सांगितलंय?"

"दीड वर्ष."

तो आकडा माझ्या ओळखीचा होता. तेवढ्या ओळखीनं मला बळ आलं, हे खरं सांगते. मी म्हटलं, "मग दीड वर्षानं मुहूर्त काढायला सांगू."

वडील महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. शेवटी त्याच्या डॉक्टरांनाच त्यांनी गाठलं. रोग्याला सॅनेटोरियममध्ये का ठेवत नाही, या प्रश्नावर डॉक्टरांनी त्यांना मद्रासच्या प्रयोगाची हकीकत सांगितली. घरी राहून नेमानं औषध घेणारा रोगी सॅनेटोरियममधल्या रोग्याइतकाच बरा होतो, आणि घरच्यांनाही त्यामुळे अधिक धोका नसतो, हे तिथे सिद्ध झालं होतं. १९५९ साली ते जगभर प्रसिद्ध झालं. वडील घरी येऊन एवढंच म्हणाले, "बघू या."

मग तो सकाळी इंजेक्शन घेऊन कामावर जाऊ लागला. त्या औषधानं त्याला गरगरायचं. भिंत धरून चालायचा, कानात शिटी वाजल्यासारखं व्हायचं. महिन्या-दोन महिन्यांनी एक पत्र यायचं. त्यात प्रेमाचं अक्षर नसे. 'आज एकेचाळिसावं झालं.' 'वजन दोन किलोंनी वाढलं.' 'इंजेक्शनं संपली, आता गोळ्याच.' ती पत्रं मी 'स्वामी'च्या पानांत ठेवत असे, आणि कधी कधी कादंबरी न वाचता पत्रंच वाचत असे. कुणाच्या प्रेमात नेमकी कुठल्या तारखेला पडले, ते मला सांगता यायचं नाही. पण एकेचाळिसाव्या इंजेक्शनाच्या आसपास असावी.

१९७५ च्या मे महिन्यात आमचं लग्न झालं. त्यानंतर आम्ही थेऊरला गेलो. चिंतामणीचं दर्शन झालं. मग नदीकाठी रमाबाईंच्या स्मारकापाशी आलो. सती गेल्या त्या. शाळेत असताना मला ते केवढं उदात्त वाटलं होतं! त्या दिवशी मात्र तिथे उभं राहवेना. वैद्याची मुलगी होऊन त्या काळात जायला मी निघाले होते. पण तिथल्या बायकांना परत यायला कुठली शिळा होती? जेमीनं क्लेअरला विचारलं, जायचं तर जा. रमाबाईंसाठी काळ असा दूर जाऊन थांबला नाही. सतीबंदीचा कायदा व्हायला अजून सत्तावन्न वर्षं होती.

माझ्या शेजारी हे उभे होते. बराच वेळ नदीकडे बघत राहिले, मग म्हणाले, "त्याच्या वेळी औषध नव्हतं." आपल्या आजाराबद्दल त्या दिवसापासून आजवर ते एवढंच बोलले आहेत.

नातीला मी हे सगळं सांगितलं. ती पुस्तकाच्या तिसऱ्या भागाची पानं उलटू लागली. त्यात क्लेअर वीस वर्षांनी पुन्हा मागे जाते. या खेपेला डॉक्टर होऊन, पेनिसिलिन बरोबर घेऊन. गोळी लागून तापानं फणफणलेल्या जेमीला ती सुई टोचते. साल १७६६. "म्हणजे आजी, तेव्हा तुझे माधवराव होते!" नात म्हणाली. होते खरे. एकवीस वर्षांचे होते. त्या बाई वाट थोडी वाकडी करून पुण्याला आल्या असत्या, तर किती बरं झालं असतं, असं क्षणभर माझ्या मनात आलंच. चौदाव्या वर्षीची सवय जात नाही.

गेल्या वर्षी यांच्या हर्नियाच्या ऑपरेशनच्या आधी छातीचा फोटो काढला. तरुण डॉक्टरीणबाईंनी तो उजेडाला धरला आणि उजवीकडच्या पांढऱ्या रेघांवर बोट ठेवलं. माझ्या पोटात गोळा आला. पन्नास वर्षं मधून पुसली गेली. त्या म्हणाल्या, "हा जुना डाग आहे, आजी. भरून आलेला." मी मान हलवली. किती जुना, ते मला ठाऊक होतं.

त्या औषधानं यांचा उजवा कान मात्र कायमचा मंद केला. त्यामुळे आमच्या घरातलं निम्मं बोलणं दोनदा होतं, आणि निम्म्याचा अर्थ भलताच लागतो. आमची ही बैठक चालू असताना हे बाहेरून आले. नातीनं मोठ्या उत्साहानं विचारलं, "आजोबा, तुम्ही सतराशे बहात्तर साली असता, तर?"

यांनी पिशवी खाली ठेवली, डावा कान पुढे केला आणि ठामपणे म्हणाले, "बहात्तर नव्हे गं, पंचाहत्तर. मे महिना होता. आजीला विचार हवं तर."