दाताच्या दोन्ही बाजू

इलेक्ट्रिक गाडीला गिअरबॉक्स नसतो, असं नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये येणारे पुष्कळ लोक मानतात. गिअर बदलावे लागत नाहीत, एवढंच त्यातलं खरं. मोटर मिनिटाला हजारो फेरे घेते. चाकाला तेवढे फेरे नको असतात, जोर हवा असतो. मधली पेटी फेरे उतरवते, जोर वाढवते आणि डिफरन्शियलमधून दोन्ही चाकांना वाटून देते.

नागपुरात या गाड्या लवकर आल्या. 2017 च्या मे महिन्यात महिंद्राच्या ईटूओ प्लस इथे ओलाच्या टॅक्सी म्हणून धावू लागल्या. ते मॉडेल आता बनत नाही, त्यामुळे पेटी गेली की जुनी शोधणं आलंच. मग गिऱ्हाईक विचारतं, "भाऊ, गाडी तीच आहे, पेटी बसेलच ना?"

नावावर मी कधीच भरवसा ठेवत नाही. ईटूओ प्लसच 48 आणि 72 व्होल्ट अशा दोन प्रकारांत होती. एकीची मोटर 19 किलोवॅटची, दुसरीची 30 ची. निसान लीफचं पाहा. सुरुवातीच्या लीफच्या पेटीचं गुणोत्तर, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे मोटरचे फेरे, 7.94; 2013 च्या मॉडेलपासून ते 8.19 झालं, मोटरही बदलली. नाव मात्र लीफच. तीन टक्क्यांचा हा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण कंट्रोलर मोटरच्या फेऱ्यांवरून वेग काढत असेल, तर काटा आणि किलोमीटर दोन्ही चुकतात.

म्हणून आधी केसिंगवरचा पार्ट नंबर वाचायचा, मग फेरे मोजायचे. इनपुट शाफ्टवर खडूची खूण करून दोन्ही एक्सल सोबत दहा फेरे फिरवले, तर 7.94 च्या पेटीत इनपुट सुमारे 79 फेरे घेतो, 8.19 च्या पेटीत 82. एक एक्सल धरून दुसराच फिरवला, तर डिफरन्शियलमुळे हा आकडा निम्मा येतो. हे ध्यानात नसेल तर चांगली पेटीही चुकीची वाटते.

पुढे जोडण्या. मोटरकडच्या स्प्लाइनचे दाते मोजायचे, व्यास कॅलिपरने घ्यायचा, डॉवेल पिनांच्या जागा जुन्या पेटीशी ताडायच्या. बोल्ट बसले तरी मध्य किंचित सरकला असेल, तर एवढ्या वेगात बेअरिंग तग धरत नाही. चाकाकडे एक्सलचे स्प्लाइन आणि सीलचा व्यास बघायचा. पार्किंगचा खटका काही पेट्यांत आत असतो, काहींत नसतोच. गाडीच्या मूळ पेटीत होता आणि आणलेल्या पेटीत नाही, तर उतारावर गाडी फक्त हँडब्रेकवर उभी राहील.

हे सगळं जुळलं, तरी पेटीने काय सोसलंय ते पाहणं उरतंच. पेट्रोल गाडीत जास्त झीज दाताच्या एकाच बाजूला होते. इलेक्ट्रिक गाडीत वेग घेताना एक बाजू राबते. पाय उचलला की चाकंच मोटर फिरवून बॅटरीत वीज भरतात, तेव्हा दुसरी. शहरातल्या टॅक्सीत हे दिवसभर चालतं. म्हणून टॉर्च लावून दाताच्या दोन्ही बाजू बघायच्या. ऑइल काढून मॅग्नेट पुसायचा: बारीक राखाडी गाळ चालतो, बोटाला टोचणारा कण चालत नाही. ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. आमच्या उन्हाळ्यात पडून राहिलेल्या पेटीचे सील कडक होतात. ते बदलूनच पेटी चढवावी. बेअरिंग हाताने फिरवून बघावं. मोटरच्या कंट्रोलरमधून निसटलेला विद्युतप्रवाह बेअरिंगमधून जातो, तेव्हा त्याच्या रिंगवर बारीक आडव्या रेघा उमटतात. अशी पेटी आज गप्प असली तरी उद्या घरघरणार.

या तपासणीत अर्धा दिवस जातो, आणि तो गेलाच पाहिजे असं मला वाटतं. वर्धा रोडवर रोजीसाठी गाडी चालवणारा माणूस जुनी पेटी घेतो, तेव्हा सहसा त्याच्याकडे दुसऱ्यांदा घ्यायला पैसे नसतात. त्याला मी एवढंच सांगतो: आपली जुनी पेटी सोबत घेऊन जा, दोन्ही शेजारी ठेवून मोजा, आणि विकणारा मोजू देत नसेल, तर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.