चाळीस मुले आणि एक घंटी

बायबल प्रश्नमंजुषेच्या स्पर्धेस आमच्या धर्मग्रामातून चौघेच जातात. सरावास मात्र चाळीस मुले येतात. आलेल्या कोणासही परत पाठवू नये, असा आमचा आग्रह आहे. अडचण एवढीच, की घंटी एक आणि प्रश्न वाचणारा एक असला म्हणजे तीच पाच-सहा चुणचुणीत मुले उत्तरे देतात आणि उरलेली सभागृहाचे छत न्याहाळत बसतात.

म्हणून आम्ही आठ-आठ जणांचे पाच गट करतो. प्रत्येक गटात तिघांविरुद्ध तिघे खेळतात, सातवा प्रश्न वाचतो, आठवा गुण मांडतो. दहा प्रश्नांनंतर जागा बदलतात. घंटीऐवजी बाकावर थाप चालते. (मागे बसून उत्तरे पुरवणाऱ्या पालकांना आम्ही चहाला पाठवतो.) भारतातील पहिली खुली प्रश्नमंजुषा १९६७ साली नील ओब्रायन यांनी घेतली, तीही तेव्हाच्या कलकत्त्यात ख्राइस्ट द किंग चर्चच्या सभागृहात. तेव्हा चर्चच्या बाकांना ही थाप अगदीच परकी नसावी!

प्रश्न अवघड खुणेपासून सोप्या खुणेकडे जाणारा असावा. ‘बेथसैदा गावचा हा प्रेषित...’ एवढे कानी पडताच कोणीतरी ‘फिलिप!’ म्हणून थाप मारतो. परंतु योहानाच्या शुभवर्तमानात (१:४४) ते अंद्रिया व पेत्र यांचेही गाव सांगितले आहे. पुढची खूण तापाने अंथरुणास खिळलेल्या सासूची; तेथे पेत्राखेरीज दुसरे नाव उरत नाही. अशा एका प्रश्नापायी सगळे पाचही गट थांबवून आम्ही बायबल उघडायला लावतो. पन्नास प्रश्न उरकण्याहून ते बरे.

शेवटी दहा प्रश्नांची उत्तरे प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायची. एका मुलीने तीन महिन्यांत एकदाही बाकावर थाप मारली नव्हती. बोलताना ती अडखळते. चिठ्ठीवर मात्र तिची नऊ उत्तरे तरी हमखास बरोबर असत. चौघांत तिचे नाव घेतले, तेव्हा दोन पालक आमच्याकडे आले. ‘फादर, जिला बोलता येत नाही तिला नेऊन काय उपयोग?’ आम्ही त्यांच्यापुढे चिठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवला. आपसांत विचारविनिमय करण्याच्या फेऱ्यांत ती आता कर्णधाराशेजारी बसते, कागदावर उत्तर लिहून त्याच्यापुढे सरकवते आणि तो ते मोठ्याने वाचतो.