खड्ड्याला जात नसते म्हणे!

"खड्ड्याला कसली जात? तो सगळ्यांनाच पाडतो." हे वाक्य मी गेल्या दोन वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की आता समोरचा ते बोलणार, हे मला आधीच कळतं. बोलणारी बहुतेक माणसं वाईट नसतात. त्यांच्याही गाडीचे शॉकअब्सॉर्बर गेलेले असतात, त्यांचीही कंबर दुखते, कर भरून असला रस्ता मिळाल्याचा त्यांचा रागही खरा असतो. पण माझ्या आत्याची हकीकत ऐकूनही ते हेच म्हणतात, तेव्हा मात्र उत्तर द्यावंसं वाटतं.

दोन वर्षांपूर्वीच्या वर्षावासातली गोष्ट. विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन चालू होतं आणि समारोपाला आत्याला आमच्याकडे यायचं होतं. एसटी स्टँडवरून तिला घेऊन मी संध्याकाळी स्कूटीवर निघाले. ग्रामपंचायतीपर्यंत डांबरी रस्ता बरा आहे. तिथून वळलं की आमच्या बौद्ध वस्तीपर्यंत साधारण चारशे मीटर. पाऊस नुकताच उघडलेला, लाईट गेलेली, रस्त्यावर पाणीच पाणी. त्या रस्त्याचे खड्डे मला पाठ होते. पण त्या आठवड्यात कुणाचा तरी मुरमाचा टिप्पर तिथून गेला होता आणि नेहमीचा खड्डा पाण्याखाली दुप्पट खोल झाला होता. पुढचं चाक आत गेलं. मी कशीबशी हँडल धरून पाय टेकले, आत्या मागच्या मागे पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आता ती काठी घेऊन चालते. कुणाच्याही गाडीवर मागे बसत नाही.

दवाखान्यात विचारलं, कशा पडल्या? मी तोंड उघडायच्या आत सोबत आलेल्यांपैकी कुणीतरी कानात सांगितलं, "ॲक्सिडेंट म्हणू नको, पोलीस केस होईल, वेळ जाईल. घरात पाय घसरला म्हण." आत्या कण्हत होती. मी तसंच सांगितलं आणि कागदावर तसंच लिहिलं गेलं. समाजशास्त्रात एम.ए. केलेली, लोकांना रोज अर्ज लिहून देणारी मी. तो खड्डा मी स्वतःच कागदावरून बुजवला. आमच्या रस्त्यावर इतक्या झटपट कधी काही बुजलेलं नाही.

ती घरी आल्यावर आम्ही चार-पाच जण ग्रामपंचायतीत गेलो. उत्तर अगदी गोड शब्दांत मिळालं. "ताई, तुमच्या वस्तीला समाजकल्याणचा वेगळा निधी असतो ना. तो आला की पहिलं काम तुमचंच."

या एका वाक्यावर आपण पुरेसा विचार केलेला नाही, असं मला वाटतं. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांच्या विकासाची योजना, लोकांच्या तोंडी अजूनही 'दलित वस्ती', ही जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागामार्फत चालते. ती कशासाठी आहे? पिढ्यान्‌पिढ्या गावाने या वस्त्यांवर खर्चच केला नाही, तो अनुशेष भरून काढण्यासाठी. म्हणजे तो जास्तीचा पैसा आहे. गावाच्या वाट्यातला आमचा हिस्सा त्यामुळे संपत नाही. वित्त आयोगाचा निधी गावातल्या प्रत्येक डोक्यामागे येतो, त्यात आमचीही डोकी मोजलेली असतात. घरपट्टी आम्हीही भरतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात, ते पुन्हा वेगळेच. पण प्रत्यक्षात काय होतं? गावाचा पैसा गावासाठी आणि 'तुमचा' पैसा तुमच्यासाठी. पूर्वी वेशीबाहेर वस्ती होती, आता वेशीबाहेर हेडसुद्धा आहे.

यातली गंमत अशी की रस्ता मात्र वेशीबाहेरचा राहत नाही. आमच्या वस्तीपुढे शेतं आहेत. दिवाळीनंतर उसाचा हंगाम लागला की दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर याच रस्त्याने कारखान्याला जातात. त्या उसाचा एक दांडाही आमच्या वस्तीतल्या कुणाचा नाही. आमच्या वस्तीतली माणसं असतात ती ट्रॉलीवर, मोळ्या बांधायला. तेव्हा रस्ता दुरुस्त करायचा तर तो 'दलित वस्तीचा', आणि वापरायचा तर 'सार्वजनिक'.

डांबराचा खरा शत्रू पाणी, हे रस्त्यावर काम केलेला कुठलाही मजूर सांगेल. बाजूला गटार नसेल तर पाणी भेगांतून आत उतरतं, खालचा थर मऊ पडतो, वरून जड चाक गेलं की खपली निघते. एका खपलीचा महिन्याभरात खड्डा होतो. पावसाळ्यात त्यात मुरूम टाकणं म्हणजे चिखल विकत घेणं. आता आमच्या गावातलं सांडपाणी कुठे येतं? उताराने आमच्याकडे. गावातली गटारं सिमेंटची आहेत आणि ती जिथे संपतात तिथून आमचा रस्ता सुरू होतो. वस्ती सखल भागात का वसली, हे या लेखाच्या वाचकांना मी सांगायला नको. म्हणून खड्ड्याला जात नसेलही, पण पाण्याला उतार असतो आणि तो उतार कुणी ठरवला याला इतिहास आहे.

सरकारी नियमांतही वस्ती कशी गायब होते बघा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली २५ डिसेंबर २००० रोजी. (आपल्यासाठी ती तारीख मनुस्मृतिदहनाची, पण ते असो.) सपाट भागातल्या ५००हून जास्त लोकसंख्येच्या वस्त्या बारमाही रस्त्याने जोडायच्या, हे तिचं उद्दिष्ट. चांगली योजना आहे, तिने हजारो गावं जोडली. पण तिच्या मूळ नियमांत, बारमाही रस्त्यापासून किंवा आधीच जोडलेल्या वस्तीपासून किमान ५०० मीटर लांब असेल तीच वस्ती 'न जोडलेली' मानली जाते. आम्ही चारशे मीटरवर. म्हणजे गाव जोडलं गेलं तेव्हा कागदावर आम्हीही जोडले गेलो. महाराष्ट्रातल्या किती बौद्ध आणि मातंग वस्त्या गावापासून हाकेच्या अंतरावर आहेत, ते आठवून पाहा. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी, मसुद्यात गाव हे एकक न धरता व्यक्ती हे एकक धरल्याबद्दल समाधान व्यक्त केलं होतं. ते वाचताना कॉलेजात मला तो तात्त्विक वाद वाटायचा. आता तो चारशे मीटरचा हिशेब वाटतो.

आणि रस्ता हा आपल्या चळवळीत कधीच किरकोळ विषय नव्हता. १९२४चा वायकोम सत्याग्रह मंदिरप्रवेशासाठी नव्हता, तो मंदिराभोवतालच्या रस्त्यांवरून चालण्यासाठी होता. १९२७ साली महाडला लोक तळ्यापर्यंत मिरवणुकीने रस्त्यावरून चालत गेले. संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्याच रांगेत 'रस्ते' हा शब्द आहे. आपण विहीर आणि तलाव लक्षात ठेवले, रस्ता विसरलो. त्यावरून चालायला आज कुणी अडवत नाही, हे खरं. पण ज्या रस्त्यावरून म्हातारं माणूस रात्री धड घरी पोचू शकत नाही, त्यावरून चालण्याचा हक्क मिळाला म्हणजे नेमकं काय मिळालं?

आता थोडं आपल्याविषयी. जयंतीच्या आठवडाभर आधी दरवर्षी आमच्या रस्त्यावर मुरूम पडतो. कुणी टाकला, याचा बॅनर लागतो. आम्ही टाळ्या वाजवतो. वस्तीच्या कमानीसाठी आम्ही पोरांनी घरोघर फिरून वर्गणी जमवली, मीही जमवली, आणि कमान सुंदर झाली आहे. तिच्याखाली उभं राहिलं तर पुढे गुडघाभर खड्डा दिसतो. कमान नको असं मी म्हणत नाही, तिच्यामागे स्वाभिमान आहे. पण त्याच काळात एक साधी गोष्ट आमच्या हातून निसटली. प्रत्येक रस्त्याच्या कामाला दोषदायित्व कालावधी असतो. त्या मुदतीत रस्ता खराब झाला तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने तो नीट करायचा असतो. आमचा रस्ता दलित वस्तीच्याच निधीतून झाला होता. आम्ही पहिला लेखी अर्ज केला तेव्हा ती मुदत संपून चार महिने झाले होते. तोवर आम्ही फक्त तोंडी विनंत्या करत होतो. 'दादा, बघा जरा.'

मग माहितीचा अधिकार वापरला. दहा रुपयांच्या अर्जावर मोजमाप पुस्तिकेची प्रत मागितली. या कायद्याच्या कलम २(जे) नुसार नागरिकाला कामाची पाहणी करता येते आणि साहित्याचे प्रमाणित नमुनेही घेता येतात. हे आपल्या किती कार्यकर्त्यांना माहीत आहे? पुस्तिकेतली लांबी घेऊन वस्तीतल्या दोन मुली आणि मी टेप धरून रस्ता मोजला. जवळपास साठ मीटर कमी भरला. जो तुकडा कागदावर आहे आणि जमिनीवर नाही, तो नेमका गटार संपतं तिथला. आत्या पडली तिथला.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास सहा लाख आणि जखमी झाल्यास पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. सुस्थितीतला रस्ता हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे त्याच न्यायालयाने २०१५ मध्येच म्हटलं होतं. बातमी वाचून मी दवाखान्याचा कागद काढला. 'घरी पाय घसरून.' अशा किती जणी राज्यभरात आपापल्या घरात घसरून पडल्या असतील!

दवाखान्याची नोंद आता बदलता येत नाही, असं मला सांगण्यात आलं. म्हणून मी प्रतिज्ञापत्र केलं: गाडी मी चालवत होते, जागा ही, तारीख ही, खोटी माहिती मी दिली. वकील मैत्रीण म्हणाली, विचार कर, हे तुझ्यावरच उलटू शकतं. मी ते रस्त्याच्या मोजमापासोबत गटविकास अधिकाऱ्यांच्या अर्जाला जोडलं. अर्जावर वस्तीतल्या एकतीस जणांच्या सह्या आहेत. आत्याकडे सहीला नेला तेव्हा तिने सगळा वाचून घेतला. म्हणाली, "पोरी, यात अंधार होता ते लिहिलंय, पण खांबावरचा दिवा वर्षभर बंद होता ते कुठंय?" ती ओळ तिने माझ्याकडून वाढवून घेतली, मग चष्मा पुसून सही केली.