दगड उकळला!

दगडातून पाणी आलं! आमच्या नागपूरच्या स्वयंपाकघरात, गॅसच्या शेगडीवर, माझ्या डोळ्यांदेखत! वडिलांनी जळगावहून आणलेला फिकट गुलाबी, मोत्यासारखी झाक असलेला खडा तीस वर्षं शोकेसमध्ये होता. दर दिवाळीत मी तो पुसायची आणि परत ठेवायची. परवा रसायनशास्त्रात एम.एस्सी. करणारी भाची आली, तिनं तो उन्हात धरला आणि ओरडलीच, "मावशी, हे तर स्टिलबाइट दिसून राहिलं!" आम्ही नखाएवढा पापुद्रा काढला, कोरड्या टेस्ट ट्यूबमध्ये टाकला, चिमट्यात धरून मंद आचेवर तापवला. वरच्या थंड काचेवर आधी धुकं आलं, मग थेंब. खरेखुरे थेंब!

1756 साली स्वीडनच्या अ‍ॅक्सेल क्रॉनस्टेटनं असाच खडा ज्योतीत धरला होता. तो फसफसला, म्हणून त्यानं ग्रीक शब्द जोडून नाव दिलं झिओलाइट, म्हणजे उकळणारा दगड. आमचा स्टिलबाइट त्यातलाच एक. आणि हे पाणी भेगांत साचलेलं नव्हतं. ते स्फटिकाच्या आत होतं! सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजनच्या अणूंची जाळी, तिच्यात ठरावीक मापाची भोकं, एका मिलिमीटरच्या लाखो हिश्श्यांपैकी एका हिश्श्याहूनही बारीक. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, थंड होताना त्यात बुडबुडे राहिले, त्या पोकळ्यांत खनिजं मिसळलेलं पाणी झिरपून हे स्फटिक वाढले. त्या लाव्ह्याची पूर्वेकडची कड आपल्या नागपुरात आहे, सीताबर्डीची टेकडी त्याच काळ्या दगडाची! सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात असे स्फटिक कपाटं भरून मांडलेले आहेत.

मी भाचीला झोपू दिलं नाही. अणूच्या मापाची भोकं असलेला दगड म्हणजे रेणू चाळायची चाळणीच की! ती म्हणाली, "मग ऐक," आणि झायलीनची गोष्ट सांगितली. पॅरा-झायलीन आणि ऑर्थो-झायलीन, दोघांत अणू तेच, वजन तेच, फक्त दोन फांद्यांच्या जागा वेगळ्या. पॅरा सडपातळ, ऑर्थो रुंद. पॅरापासून पॉलिएस्टरचं कापड आणि पाण्याच्या बाटल्या होतात, म्हणून तो शुद्ध हवा. पण एक उकळतो 138 अंशांना, दुसरा 144 ला, आणि मेटा नावाचा तिसरा भाऊ 139 ला! उकळून वेगळे करायचे तर इंधन जळतच राहतं. आणि एमएफआय नावाच्या झिओलाइटची भोकं नेमकी अशी, की पॅरा सहज सरकतो आणि ऑर्थो अडखळतो.

मग अडचण कुठे आहे? चाळणी म्हणून वापरायच्या झिओलाइटच्या पडद्याच्या जाडीत. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी सीताबर्डीच्या मेन रोडवर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला किती वेळ लागतो! तेच दुकानाचा उंबरठा ओलांडायला एक पाऊल. रेणूचंही तसंच. पडदा जितका पातळ, तितका तो लवकर पार. झिओलाइटचे पडदे साधारण मायक्रोमीटरच्या घरात असायचे, रेणूच्या मानानं तो मेन रोडच.

आणि इथे मी अक्षरशः उभी राहिले. 2009 साली कोरियातल्या रयू या शास्त्रज्ञांच्या गटानं एमएफआय असा वाढवला की त्याची पानं एकावर एक रचली जावीत, प्रत्येक पान जेमतेम दोन-तीन नॅनोमीटरचं. ती पानं न मोडता सोडवायची कशी? 2011 साली 'सायन्स'मध्ये उत्तर आलं. मिनेसोटा विद्यापीठात मायकेल त्सापात्सिस यांच्या गटात काम करणारा, पवईच्या आयआयटीत शिकलेला कुमार वरुण अग्रवाल त्या निबंधाचा पहिला लेखक! त्यांनी ही चवड वितळलेल्या पॉलिस्टायरीनमध्ये घालून मळली. पॉलिस्टायरीन, ज्याचा थर्माकोल होतो तेच! प्लास्टिकच्या लांब साखळ्या पानांच्या मधे शिरल्या, मळण्याच्या ताणानं पानं एकमेकांवरून सरकून सुटी झाली. आपल्याकडे लंबी रोटी करणारी बाई सैल कणीक दोन्ही हातांवर झेलत, न फाडता ताणत नेते आणि मडक्यावर टाकते, ते माझ्या डोळ्यांसमोर आलं. नंतर टोल्यूइनमध्ये प्लास्टिक विरघळवलं आणि तो द्राव सच्छिद्र चकतीवरून गाळला. पानं आडवी बसली, एकावर एक कौलांसारखी. मधल्या फटी थोडा स्फटिक पुन्हा वाढवून बुजवल्या. पडदा तयार! तीन नॅनोमीटरचं पान, आणि आपला केस असतो जवळपास ऐंशी हजार नॅनोमीटरचा.

"मग आपल्या खड्याचीही पानं सोडवू या!" मी म्हटलं. ती हसली. स्टिलबाइट पापुद्र्यांत सुटतो खरा, पण त्याचे थर आतून पक्क्या बंधांनी बांधलेले. त्याचा अगदी पातळ पापुद्राही हजारो थरांचा. प्रयोगशाळेत मुद्दाम सैल रचलेला स्फटिक लागतो.

एक मात्र तिनं जाता जाता सांगितलं. आमच्या गच्चीवरून कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. तिथल्या कोळशाच्या राखेत सिलिकॉन आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्ही आहेत, आणि इथल्याच नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिच्यापासून झिओलाइट करून दाखवला आहे. राखेपासून चाळणी, आपल्या नागपुरात! मी गच्चीवर जाऊन त्या चिमण्यांकडे कितीतरी वेळ पाहत राहिले.

खडा अजून शोकेसमध्ये परत गेलेला नाही. आज सकाळी धुऊन ठेवलेली टेस्ट ट्यूब पुन्हा काढली, आणखी एक पापुद्रा सोलला, आणि शेजारच्या दोन्ही पोरांना हाक मारली.